सायकल मापाची की कारखान्याची?

बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने होसकोटे सुमारे २५ किलोमीटर अंतरावर आहे. साध्या, बिनगिअरच्या सायकलने हे अंतर कापताना पेडल साधारण साडेचार हजार वेळा फिरवावे लागते. प्रत्येक गुडघाही तितक्याच वेळा वाकतो. सायकल मापात नसेल, तर त्रास याच हिशेबाने वाढतो. म्हणूनच नियमित सायकल चालविणाऱ्यांना ‘कस्टम’, म्हणजे स्वतःच्या मापाने बांधलेल्या सायकलीचे आकर्षण वाटते.

मद्रासमध्ये १९४९ साली टीआय सायकल्स, तर लुधियानात १९५६ साली हीरो सायकल्स सुरू झाली. अशा कारखान्यांमुळे सायकल सामान्यांच्या आवाक्यात आली. तेथे फ्रेम काही ठरावीक मापांतच तयार होते. ग्राहक जवळचे माप निवडतो आणि उरलेला फरक सीट व हँडल वर-खाली करून भरून काढतो.

मापाच्या सायकलीत हा क्रम उलटा असतो. आधी चालकाच्या पायांची, धडाची व हातांची लांबी मोजली जाते. वजन आणि वापराचा रस्ता विचारात घेतला जातो. त्यानुसार आराखडा होतो, आणि नंतरच नळ्या कापून जोडल्या जातात.

कारखान्याच्या तयार फ्रेमवर आवडीची चाके, गिअर व रंग चढविलेली सायकलही अनेकदा ‘कस्टम’ म्हणून विकली जाते. ती प्रत्यक्षात निवडक भागांची जुळणी असते. त्यामुळे ग्राहकाने एकच प्रश्न विचारावा: नळ्या कापण्यापूर्वी माझे माप घेतले जाणार आहे का?

मापाची सायकल सर्वांनाच आवश्यक नसते. कारखान्यात फ्रेमच्या नमुन्यांवर वारंवार भार देऊन मजबुती तपासता येते. एकट्या कारागिराच्या फ्रेमची भिस्त मुख्यतः त्याच्या हातावर असते. किंमतही बरीच अधिक पडते. मात्र फार उंच, फार ठेंगण्या किंवा एक पाय आखूड असलेल्या व्यक्तीला तयार माप बसत नसेल, तर तिच्यासाठी अशी सायकल ही चैन नसून गरज ठरते.

इतरांनी खर्चापूर्वी एक सोपी तपासणी करावी. सीटवर बसून टाच सर्वांत खालच्या पेडलवर ठेवल्यास गुडघा जेमतेम सरळ व्हावा. तसा होत नसेल, तर आधी सीटची उंची बदलून पाहावी.