‘तीन महिन्यांची’ शुगर आणि विदर्भातलं रक्त

नागपूरच्या प्रताप नगर, खामला, त्रिमूर्ती नगर या भागांत सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला पॅथॉलॉजीत येणाऱ्या अनेकांचा एक समज पक्का असतो: ‘तीन महिन्यांची’ सहाच्या आत आली, म्हणजे मधुमेह नाही. ही एचबीए१सी चाचणी चांगली आहे, उपयोगाची आहे. पण सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार घरोघरी परिचित असलेल्या विदर्भात तिच्या एका आकड्यावर विसंबून राहणं मला धोक्याचं वाटतं.

रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून चिकटलेल्या साखरेवरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. सिकलसेलच्या ‘एसएस’ रुग्णाची पेशी मात्र जेमतेम 10 ते 20 दिवस टिकते. साखर चिकटायला पुरेसा वेळच मिळत नाही. शिवाय ज्या हिमोग्लोबिन ‘ए’वर ही चाचणी बेतलेली आहे, ते या रुग्णाच्या रक्तात तयारच होत नाही. अशा रुग्णाच्या रिपोर्टवर आकडा छापून आला, तरी त्यावरून निदान करता येत नाही.

‘एएस’ म्हणजे वाहक असलेल्यांना स्वतःला सहसा काही त्रास नसतो, म्हणून ते ही गोष्ट सांगतही नाहीत. त्यांच्या पेशी जवळजवळ पूर्ण आयुष्य जगतात, तरी काही यंत्रांच्या मोजणीत फरक पडतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवरचा एक अभ्यास 2017 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. रक्तातली साखर सारखीच असताना वाहकांचा एचबीए१सी सुमारे 0.3 ने कमी दिसला. फरक किरकोळ वाटतो, पण मधुमेहाची रेषा 6.5 वर आहे. खरा 6.5 असलेला माणूस 6.2 घेऊन ‘बॉर्डरवर आहे’ म्हणत घरी जाऊ शकतो.

याच्या उलटही घडतं. लोहाच्या कमतरतेमुळे पांडुरोग झालेल्या बाईचा आकडा साखर न वाढताही वर सरकतो. नुकतंच रक्त चढवलं असेल, तर तोही आकडा भरवशाचा नाही.

म्हणून रक्त देतानाच सिकलसेलचा पॅटर्न (‘एएस’ की ‘एसएस’) सांगा, आणि डॉक्टरांनाही सांगा. निदानासाठी अशा वेळी उपाशीपोटीची आणि 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनीची तपासणी असते. पहिली 126 वा जास्त, किंवा दुसरी 200 वा जास्त आली, तर मधुमेह. लक्षणं नसतील तर एकाच वेळच्या एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, खात्री करून घेतात. पुढची देखरेख घरच्या ग्लुकोमीटरवर, गरज पडल्यास फ्रुक्टोसामिन चाचणीवर. निदान मात्र प्रयोगशाळेतल्या रक्तावरच व्हावं.

‘मी तर काडीसारखा, मला कशी शुगर?’ हा दुसरा समज. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय 22.3, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिनांची 9.1. वजनकाट्याला न दिसणारी ही चरबी आपल्या लोकांत पोटाभोवती साठते. म्हणून पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि बाईची 80 च्या वर गेली असेल, तर बारीक हातपाय पाहून निश्चिंत राहू नये.

तिसरा समज गुळाचा: साखरेऐवजी गूळ घातला तरी रक्तात साखर वाढतेच. संत्र्याच्या रसापेक्षा अख्खं संत्रं बरं, तेही मोजून.

इन्सुलिनच्या भीतीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. ‘सुई लागली म्हणजे शेवट आला’ असं म्हणत कित्येकजण वर्षानुवर्षं टाळतात, आणि तेवढ्यात डोळ्यांचा पडदा नि मूत्रपिंड झिजत जातात. टाईप 1 मध्ये तर इन्सुलिन पहिल्या दिवसापासून हवंच. ते बंद करणं जिवावर बेततं. टाईप 2 मध्ये स्वादुपिंडाची ताकद कमी होत जाते, तेव्हा ते बाहेरून द्यावं लागतं. त्याची चटक लागत नाही.

नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा इन्सुलिन बिघडतं. न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यायचं. वीज गेली किंवा फ्रिज नसेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली कुपी ओल्या माठात, सावलीत ठेवा. स्कूटीच्या डिकीत किंवा उन्हातल्या गाडीत अर्धा तासही नको.