टक्के, पर्सेंटाइल आणि क्रमांक : वैद्यकीय प्रवेशाचें गणित

दर वर्षीं बारावीचा निकाल लागला, कीं जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील घराघरांतून एक प्रश्न ऐकूं येतो : "इतक्या टक्क्यांवर डॉक्टरीला प्रवेश मिळेल काय?" नारायणगाव-मंचरच्या पेठेंतला व्यापारी हा प्रश्न विचारतो, आणि भीमाशंकर-नाणेघाटाकडील डोंगरपट्ट्यांत आश्रमशाळेंत शिकणाऱ्या मुलीचा बापही तोच विचारतो. प्रश्न स्वाभाविक आहे; परंतु ज्या टक्क्यांवर घर आनंदून जातें, त्या टक्क्यांनीं आज वैद्यकीय महाविद्यालयांतील जागा ठरत नाहीं.

एके काळीं ती ठरत असे. बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विषयांच्या गुणांची बेरीज करावयाची आणि त्या क्रमानें जागा द्यावयाच्या, ही रीत सोपी होती. पण निरनिराळ्या परीक्षामंडळांची तपासणी सारखी नसते, आणि प्रात्यक्षिकाचे गुण शाळागणिक सैल-घट्ट पडतात. दोन वेगळ्या तागड्यांत तोललेल्या मालाला एकच भाव कसा लावावयाचा? म्हणून प्रथम राज्याची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा आली, आणि पुढें सर्व देशासाठीं 'नीट' ही एकच परीक्षा निघाली. ती २०१३ सालीं प्रथम झाली. त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द ठरविली. २०१६ सालीं ती पुन्हा सुरू झाली, आणि २०१७ पासून महाराष्ट्रांतील एम. बी. बी. एस.चे प्रवेश तिच्यावरच होऊं लागले.

अमेरिकेनें हाच प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला आहे. तेथें बहुधा पदवीनंतर वैद्यकीय शिक्षणासाठीं अर्ज करतात. कॉलेजांतील प्रत्येक विषयाच्या श्रेणीचा अंक मांडतात; 'ए'ला ४, 'बी'ला ३, 'सी'ला २. तो अंक त्या विषयाच्या भारांकानें गुणतात. चार भारांकांच्या रसायनशास्त्रांत 'ए' मिळाली तर १६, तीन भारांकांच्या इतिहासांत 'बी' मिळाली तर ९. बेरीज २५, तिला ७ नें भागून सरासरी ३.५७. विज्ञान व गणित यांची सरासरी वेगळीही काढतात. बहुतेक महाविद्यालयांचे अर्ज ज्या मध्यवर्ती सेवेमार्फत जातात, ती एकच विषय दोनदां घेतला असेल तर दोन्ही श्रेणी धरते. शिवाय प्रवेशपरीक्षा आणि मुलाखत असतेच. थोडक्यांत, तेथें अनेक वर्षांच्या अभ्यासाची वही चाळली जाते. आपल्याकडे एका दुपारचा हिशेब निर्णायक ठरतो.

तो हिशेब असा. 'नीट'मध्यें १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात, चुकलेल्यास १ गुण वजा होतो, कोऱ्या सोडलेल्या प्रश्नास शून्य. १४० उत्तरें बरोबर, २० चूक आणि २० कोरीं असतील, तर ५६० मधून २० जाऊन ५४० गुण उरतात. दोघांचे गुण सारखे झाले, तर प्रथम जीवशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे, मग भौतिकशास्त्राचे गुण पाहतात.

येथें तीन संख्यांची गल्लत होते. बारावीचे टक्के ही पहिली. त्या तीन शास्त्रांत ठरलेले किमान गुण लागतात. तेवढे मिळाले, कीं त्यांचें काम संपलें. पुढें ६० काय नि ९५ काय, फरक पडत नाहीं. दुसरी संख्या पर्सेंटाइल. ५० पर्सेंटाइल म्हणजे ५० टक्के गुण नव्हेत. जवळजवळ निम्मे परीक्षार्थी ज्याच्या मागें आहेत, तें स्थान. खुल्या वर्गास ५० आणि मागास वर्गांस ४० पर्सेंटाइल गांठलें, कीं परीक्षार्थी पात्र होतो. पण पात्र होणें म्हणजे जागा मिळणें नव्हे. जागा देते ती तिसरी संख्या, क्रमांक. गुणांची उंची दर वर्षीं बदलते : २०२४ सालीं अनेकांना ७२० पैकीं ७२० मिळाले, तर २०२५ सालीं पहिल्या आलेल्यास ६८६. म्हणून गेल्या वर्षींचे गुण पाहून यंदाचा अंदाज बांधणें फसवें असतें, क्रमांक पाहावा.

क्रमांकानंतर जागांची वांटणी येते. पुण्याचें बैरामजी जीजीभाई वैद्यकीय महाविद्यालय घ्या. १८७८ सालीं शाळा म्हणून निघालेली ही संस्था १९४६ सालीं महाविद्यालय झाली. अशा सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय यादींतून आणि ८५ टक्के राज्याच्या यादींतून भरतात. मराठवाडा, विदर्भ व उर्वरित महाराष्ट्र असा ७०:३० चा प्रादेशिक भेद २०२० सालीं रद्द झाला. राज्याच्या जागांपैकीं ७ टक्के अनुसूचित जमातींसाठीं आहेत, आणि या दोन तालुक्यांच्या पश्चिम भागांतील महादेव कोळी व ठाकर कुटुंबांना हें माहीत असणें फार महत्त्वाचें. मात्र त्या जागेसाठीं केवळ जातीचा दाखला पुरत नाहीं. तपासणी समितीचें वैधता प्रमाणपत्रही लागतें. तें चार दिवसांत मिळत नाहीं. अकरावींतच त्यासाठीं अर्ज केलेला बरा.

'नीट'ची प्रश्नपत्रिका मराठींतूनही मिळते, मात्र ती भाषा अर्ज भरतांनाच निवडावी लागते. आश्रमशाळेंतल्या त्या मुलीला बारावींत ८५ टक्के पडले, तर घरांत पेढे अवश्य वांटावेत. परंतु तिचें डॉक्टर होणें ज्या संख्येवर अवलंबून आहे, ती कोणती, हें तिला निकालाच्या दिवशीं नव्हे, तर दोन वर्षें आधीं सांगितलें पाहिजे. नाहीं तर हुशारी असूनही एक वर्ष वायां जातें. आणि डोंगरांतल्या घराला तें एक वर्षही फार महाग पडतें.