पडद्याची दोरी

रॉबर्ट ब्राउनिंगची ‘माय लास्ट डचेस’ 1842 साली पहिल्यांदा छापली गेली तेव्हा तिचं नाव नुसतं ‘इटली’ होतं. कविता अवघ्या 56 ओळींची, आणि बोलणारा एकटाच: फेराराचा ड्यूक.

स्वगत नव्हे

नाटकातलं स्वगत पात्र स्वतःशी बोलतं. इथे समोर माणूस बसलेला आहे. ड्यूकच्या नव्या सोयरिकीची बोलणी करायला एका काउंटकडून आलेला हा दूत. ड्यूक त्याला बसवतो, चित्र दाखवतो, उठवतो. दूताच्या तोंडी मात्र एक शब्द नाही. सत्तेचा पहिला पुरावा इथेच मिळतो.

पडदा

चित्र आहे ड्यूकच्या मरण पावलेल्या पत्नीचं, आणि त्यावरचा पडदा फक्त तोच सरकवतो. जिवंतपणी ती कोणाकडे पाहून हसेल, यावर त्याचा ताबा नव्हता. आता तिचं हसू कोणी पाहायचं, हे तो ठरवतो.

तक्रार

तिचा गुन्हा काय? मावळता सूर्य, कोणी तोडून आणलेली चेरीची फांदी, पांढरं खेचर, सगळ्यांनी ती सारखीच खुलायची. ड्यूकने दिलेलं नऊशे वर्षांचं घराणंही तिच्या लेखी त्याच रांगेत! ‘हे मला आवडत नाही’ एवढं सांगायलाही तो तयार नव्हता. सांगणं म्हणजे वाकणं. मग त्याने हुकूम दिले आणि हसू थांबलं. हुकूम कसले, ते कवितेत नाही. पुढे कोणी विचारलं तेव्हा ब्राउनिंग आधी म्हणाला, मारून टाकण्याचे. मग म्हणाला, किंवा मठात कोंडलंही असेल. कवीनेही पडदा अर्धाच सरकवला म्हणायचा.

पण मला गंमत वाटते ती वेगळीच. बायकोला चार शब्द सांगणं ज्याला कमीपणाचं वाटलं, तो परक्या नोकरापुढे मन मोकळं करत बसतो. धाक दाखवायला निघालेला हा माणूस आपली जखमच दाखवतो. शिवाय तिला दूषणं देताना तिचा लोभस स्वभाव तोच आपल्यापुढे उभा करतो.

लपवलेलं यमक

दर दोन ओळींना यमक आहे, पण वाक्यं ओळीच्या टोकाशी थांबत नाहीत, पुढे वाहतात. त्यामुळे मोठ्याने वाचताना यमक कानाला जेमतेम जाणवतं. बोलणं सहज, बांधणी करकचून आवळलेली. ड्यूकचा स्वभावही असाच.

इतिहासातली ती

ड्यूकमागे दुसरा आल्फोन्सो द’एस्ते असावा, असं मानतात. 1558 मध्ये त्याचं लुक्रेझिया दे मेदिचीशी लग्न झालं तेव्हा ती 13 वर्षांची होती; 1561 मध्ये, 16 व्या वर्षी वारली. विषप्रयोगाची कुजबुज झाली, पण इतिहासकारांचा कल क्षयाकडे आहे.

जिना

शेवटी हुंड्याचा विषय निघतो. काउंटची उदारता माहीत आहे, मला हवी ती मुलगीच, अशी मखलाशीही होते. खाली उतरताना ड्यूक आणखी एक वस्तू दाखवतो: समुद्री घोड्याला काबूत आणणारा नेपच्यून, खास त्याच्यासाठी काशात ओतलेला.