गृहभेटीतला चहा

गटकार्याला आज सुरुवात करायची असं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर. मध्येच एक पत्र आलं आणि त्यातला प्रश्न मला जास्त निकडीचा वाटला.

पत्र लिहिणारी मुलगी एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षाला आहे. क्षेत्रकार्यासाठी मिळालेल्या संस्थेत तिला पहिल्याच दिवशी बजावलं गेलं, की गृहभेटीला गेल्यावर कुणाकडे काही खायचं-प्यायचं नाही. संजय गांधी निराधार योजनेच्या कागदपत्रांसाठी ती वस्तीतल्या एका आजींकडे गेली. आजींनी चहा टाकला. ही म्हणाली, "नको, आत्ताच झालाय." त्यावर आजी म्हणाल्या, "आमच्याकडचा चालत नाही होय?" कागदं त्यांनी दाखवली, पण पुढे गप्पच राहिल्या. "सर, मी काय करायला हवं होतं?"

चहा घ्यायला हवा होता. पण हा 'घेऊ नका'चा नियम आला कुठून, ते पाहण्यासारखं आहे.

गेल्या वेळी आपण लंडनच्या 1869 सालच्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीपाशी थांबलो होतो. आधी चौकशी, मग मदत, हा तिचा खाक्या. ही पद्धत अमेरिकेत गेली आणि तिथे 'फ्रेंडली व्हिजिटर' तयार झाले. बहुतेक सुखवस्तू घरांतल्या बायका, गरिबांच्या घरी जाऊन विचारपूस करणाऱ्या. नाव स्नेहाचं असलं तरी कामात तपास होताच. ज्याच्या गरजेची खातरजमा करायची त्याच्याच घरचा पाहुणचार कसा घ्यायचा? माझ्या मते आपला नियम या संकोचाच्या कुळातला आहे.

दुसरा प्रवाह टॉयन्बी हॉलचा (1884) आणि शिकागोतल्या हल हाउसचा (1889). ही मंडळी वस्तीतच राहायला गेली. शेजाऱ्याकडे चहा घ्यावा का, असं शेजारी संस्थेला विचारत बसत नाही. मुंबईत क्लिफर्ड मॅनशार्ट यांचं नागपाडा नेबरहुड हाउस याच वळणाचं, आणि 1936 मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, म्हणजे आजची टिस, सुरू झाली ती त्याच घरात. देशातलं समाजकार्याचं पहिलं विद्यालय शेजारधर्मातून निघालं, तरी आपल्या कितीतरी संस्थांच्या सूचनांमध्ये तपासनिसाचा संकोच टिकून राहिला, याचं मला नवल वाटतं.

बरं, तपासाची बाजू मांडणाऱ्यांनीही इतकं सोवळं पाळलं नव्हतं. मेरी रिचमंड यांचा 'सोशल डायग्नोसिस' (1917) हा केसवर्कचा पायाभूत ग्रंथ. पहिली मुलाखत कचेरीत घ्यावी की घरी, याची चर्चा त्यांनी त्यात केली आहे. घरातली बाई घरी यजमानीण असते, आणि भिंतीवरचे फोटो, प्रमाणपत्रं न विचारताच बरंच सांगतात, हे त्यांनी तिथे नोंदवलंय. आपल्याकडे त्या भिंतीवर बाबासाहेब असतील, पंढरीचा विठोबा असेल, नातवाचं स्कॉलरशिपचं सर्टिफिकेट असेल. पण यजमानीण होऊ द्यायचं तर तिला काहीतरी देऊही द्यायला हवं. योजना, शिफारस, माहिती, सगळं आपल्याकडून तिच्याकडे जातं. उलट दिशेने जाणारी एकच वस्तू त्या खोलीत असते, आणि आपण तीच नाकारतो.

आजींचं वाक्य मात्र रिचमंडबाईंच्या पुस्तकाने उलगडणार नाही. ते या मातीतलं आहे. लंडनची सोसायटी निघाली त्याच्या एक वर्ष आधी, 1868 मध्ये, जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पुढे 1927 मध्ये महाडला चवदार तळ्यावर पाणी पिणं हाच सत्याग्रह झाला. कुणाच्या हातचं कोण पितं, यावर इथे माणसाची किंमत ठरत आली. अशा गावात आडनाव विचारून, जातीचा दाखला मागून, वर चहा नको म्हणणाऱ्या मुलीचा अर्थ आजींनी काय लावायचा? तिच्या मनात तसं काही नसेलच. पण आजींकडे पिढ्यांचा अनुभव आहे आणि हिच्याकडे संस्थेचं सूचनापत्रक.

काही ठिकाणी हात आखडता घ्यावाच लागतो. विधिसंघर्षग्रस्त मुलाच्या घरी परिवीक्षा अधिकारी जातो, तेव्हा 2015 च्या कायद्याप्रमाणे मुलाला बाल न्याय मंडळापुढे पहिल्यांदा हजर केल्यापासून 15 दिवसांत त्याला सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. दत्तक घेऊ पाहणाऱ्या जोडप्याचा गृह अध्ययन अहवाल करतानाही तसंच. तिथे आपल्या लेखणीवर निर्णय टेकलेला असतो. साधा चहा मी तिथेही चालवून घेईन. जेवण, मिठाईचा पुडा, ओटी मात्र नाही. नवरा-बायकोच्या भांडणात तर आणखी एक पथ्य आहे: माहेरी चहा घेतलात तर सासरीही घ्या. एकीकडे घेतला आणि दुसरीकडे टाळला, ही बातमी तुम्ही बसस्टँडवर पोचायच्या आत दोन्ही घरांत पोचलेली असते.

राहिला दुधाचा प्रश्न. घरात दूध नसतं, पोराला पिशवी आणायला पिटाळतात, आपल्यापायी दहा-वीस रुपये मोडतात. मुलं नको म्हणतात ती बऱ्याचदा याच कळवळ्याने. त्यावर उपाय आहेत. बसल्या बसल्या आपणच म्हणावं, "कोराच करा, मला दूध नको." किंवा आधीच पाणी मागावं. तेही बघून, मराठवाड्यात ऐन उन्हाळ्यात, जिथे टँकर आठवड्याने येतो, तिथे तांब्याभर पाणी चहाहून महाग असतं. जेवणाच्या वेळी जाऊ नये, हे तर सांगायला नकोच. आणि घेतलेला कप अर्धा टाकून उठू नये.

अहवालात चहा लिहायचा का, असंही तिने ताजा कलमात विचारलंय. लिहायचा. "शेजारून दूध आणलं" असं लिहा. "शेजाऱ्यांशी सलोख्याचे संबंध" असं लिहू नका, तो तुमचा तर्क झाला. "सुनेने आतून कप दिला, भेट संपेपर्यंत बाहेर आली नाही" एवढं टिपून ठेवा, कारण काय असेल ते पुढच्या भेटीत कळेल. 'आदरातिथ्य उत्तम' हा शेरा मात्र खोडून टाका. तो पर्यवेक्षकाच्या काही कामाचा नसतो.