अनेक प्रोसेसरांच्या सर्व्हरवर लिनक्स

बँका, शेअर बाजार आणि विमा कंपन्यांचे मुख्य डेटाबेस ज्या यंत्रांवर चालतात, त्यांत बरेच प्रोसेसर असतात आणि ते सगळे एकच मेमरी वापरतात. १९९०च्या दशकात या यंत्रांवर सनची सोलारिस, आयबीएमची एआयएक्स आणि एचपीची एचपी-यूएक्स अशा खासगी युनिक्स प्रणालींचे राज्य होते. सनच्या १९९७ सालच्या एंटरप्राइझ १०००० या यंत्रात ६४ प्रोसेसर बसत. यंत्र आणि प्रणाली एकाच कंपनीकडून घ्यायची आणि दुरुस्तीसाठीही तिच्याकडेच जायचे, असा शिरस्ता होता. ज्याचा सोर्स कोड कोणालाही वाचता आणि बदलता येतो, ते लिनक्स मात्र लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये एका प्रोसेसरच्या साध्या पीसीसाठी लिहायला घेतले होते.

प्रोसेसर वाढले की काम त्याच पटीत वाढते असे नाही. समजा, मेमरीत एका ठिकाणी १०० हा आकडा आहे आणि दोन प्रोसेसरांना त्यात एकेक मिळवायचा आहे. दोघांनी एकाच क्षणी १०० वाचले, तर दोघेही १०१ लिहितील. उत्तर १०२ यायला हवे होते, म्हणजे एक नोंद हरवली. हे टाळण्यासाठी सामायिक माहितीला कुलूप लावतात. एकाचे काम होईपर्यंत दुसरा थांबतो. कुलपे मोठी आणि मोजकी असली तर प्रोसेसर ताटकळतात. ती लहान आणि पुष्कळ असली तर काम वेगाने होते, पण चुका शोधणे जिकिरीचे होते.

जून १९९६ मध्ये आलेल्या लिनक्स २.० ने अनेक प्रोसेसर चालवण्याची सोय दिली, पण प्रणालीच्या मध्यवर्ती भागाला, म्हणजे संपूर्ण कर्नलला, एकच कुलूप होते. आपापली आकडेमोड करणाऱ्या प्रोग्रॅमना त्याचा त्रास नव्हता. फाइल आणि वेब सर्व्हरचा बराच वेळ मात्र कर्नलमध्येच जातो, त्यामुळे तिथे रांग लागे. पुढच्या २.२ आवृत्तीत कुलपांची विभागणी सुरू झाली, तरी नेटवर्कचा भाग मागेच राहिला. १९९९ मध्ये माइंडक्राफ्ट या संस्थेने मायक्रोसॉफ्टच्या पैशाने केलेल्या चाचणीत ते उघड झाले. चार प्रोसेसरांच्या सर्व्हरवर विंडोज एनटी फाइल देण्यात लिनक्सच्या सुमारे अडीच पट वेगवान ठरले. चाचणी पक्षपाती असल्याची ओरड झाली. लिनक्सच्या जाणकारांना सोबत घेऊन ती पुन्हा झाली, तेव्हाही एनटीच पुढे राहिले. जानेवारी २००१ च्या २.४ आवृत्तीत नेटवर्कचे काम अनेक प्रोसेसरांत वाटले जाऊ लागले.

यानंतरची प्रगती केवळ हौशी प्रोग्रॅमरांच्या बळावर झालेली नाही. आयबीएमने २००१ सालासाठी लिनक्सवर एक अब्ज डॉलर खर्चण्याची घोषणा केली. इंटेल, एचपी, एसजीआय, रेड हॅट आणि सुसे यांचे पगारी अभियंतेही कर्नलवर काम करत होते. डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीत इंगो मोल्नार यांचा नवा शेड्युलर, म्हणजे कोणते काम कधी चालवायचे हे ठरवणारा भाग, आला. त्याने प्रत्येक प्रोसेसरला कामांची स्वतंत्र रांग दिली. आरसीयू या तंत्रामुळे माहिती फक्त वाचणाऱ्याला अनेक ठिकाणी कुलूप लावण्याची गरज उरली नाही. २००४ मध्ये नासाच्या कोलंबिया महासंगणकात एसजीआयची २० यंत्रे होती. त्यातल्या प्रत्येकात ५१२ प्रोसेसर होते आणि प्रत्येक यंत्र लिनक्सवर चाले. ते जुने एकमेव कुलूप २०११ मध्ये कर्नलमधून पूर्णपणे काढले गेले.

नोव्हेंबर २०१७ पासून जगातील ५०० सर्वात वेगवान संगणकांच्या यादीत फक्त लिनक्स आहे. पण त्यातले बहुतेक संगणक म्हणजे हजारो छोट्या यंत्रांची जोडणी असते. त्यावरून एकाच मोठ्या सर्व्हरबद्दल निष्कर्ष काढणे चूक ठरेल. त्यासाठी एसएपी हाना हा डेटाबेस अधिक योग्य पुरावा आहे. मोठ्या उद्योगांचे हिशेब सांभाळणारा हा डेटाबेस सारी माहिती मेमरीत ठेवतो, म्हणून त्याला अनेक प्रोसेसरांची आणि टेराबाइटमध्ये मोजल्या जाणाऱ्या मेमरीची यंत्रे लागतात. तो फक्त लिनक्सवरच चालतो.

खरी अडचण आता कर्नलबाहेर आहे. सोर्स कोड फुकट मिळाला, तरी मध्यरात्री बंद पडलेला सर्व्हर चालू करून देणारी हमी विकतच घ्यावी लागते. अनेक व्यापारी डेटाबेसचे परवाने प्रोसेसरच्या गाभ्यांवर आकारले जातात, त्यामुळे प्रणालीवर वाचलेला पैसा तिथे संपू शकतो. लिनक्सच्या वितरणाचे, म्हणजे कर्नल आणि इतर सॉफ्टवेअर एकत्र करून दिलेल्या संचाचे, आयुष्यही तपासावे लागते. सेंटओएस ८ या वितरणाचा आधार २०२९ पर्यंत मिळणार होता, तो २०२१ अखेरीसच थांबला आणि अनेक संस्थांना दुसऱ्या वितरणाकडे जावे लागले. जुने सॉफ्टवेअर एआयएक्स किंवा मेनफ्रेमसाठीच लिहिलेले असेल, तर ते हलवण्याचा खर्च आणि धोका दोन्ही मोठे असतात.

म्हणून नव्या कामासाठी मोठा सर्व्हर घेताना लिनक्स निर्धास्तपणे निवडावे. मात्र वापरायचे सॉफ्टवेअर कोणत्या वितरणासाठी प्रमाणित आहे आणि त्या वितरणाचा आधार कोणत्या वर्षापर्यंत मिळणार, या दोन गोष्टी करारावर सही करण्यापूर्वी लेखी घ्याव्यात.