परभूमीवरील मरण आणि स्मरणाची रूपे

गावात मृत्यू झाला, की अंत्यसंस्कार, दशक्रिया, वर्षश्राद्ध या क्रमाने शोकाला वाट मिळते. दूरदेशी युद्धात पडलेल्या सैनिकाच्या बाबतीत मृत्यू एका ठिकाणी घडतो आणि शोक दुसऱ्या ठिकाणी होतो. देहाचे दर्शन नसल्यामुळे स्मरणाला शब्दाचा, नावाचा किंवा शिळेचा आधार घ्यावा लागतो. नाईक यशवंत घाडगे यांच्या उदाहरणावरून ही प्रक्रिया समजून घेऊ.

घाडगे यांचा जन्म १९२१ साली माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज तुकडीतील सर्व जण ठार वा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले व त्यांनी मशीनगनचे ठाणे जिंकले. परंतु लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्याच ठाण्यात त्यांना मरण आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

या एका मृत्यूच्या स्मरणाची अनेक रूपे आढळतात. पहिले रूप म्हणजे पदकासोबतचा गौरवलेख. त्यात अखेरच्या काही क्षणांचा क्रमवार वृत्तान्त असतो; आधीची बावीस वर्षे त्यात येत नाहीत. दुसरे रूप म्हणजे इटलीतील कॅसिनो येथील स्मारक. ज्यांची कबर ज्ञात नाही, अशा राष्ट्रकुलातील चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे तेथे कोरलेली आहेत. त्यांत घाडगे यांचेही नाव आहे. येथे पराक्रमाची कथा नाही, केवळ नाव आहे. आणि नाव सर्वांचे सारखेच मानले जाते. तिसरे रूप म्हणजे माणगावातील पुतळा. तेथे ते साम्राज्याचे शिपाई न राहता तालुक्याचे सुपुत्र होतात. चौथे रूप अलीकडचे आहे. २०२३ साली इटलीतील मोन्तोने या गावी त्यांच्या नावाने सूर्यघडीचे स्मारक उभारण्यात आले.

महाराष्ट्राला असे स्मरण नवीन नाही. वीरगळावर खालच्या चौकटीत युद्ध, त्यावर स्वर्गारोहण, त्याही वर शिवपूजा आणि शिरोभागी चंद्र-सूर्य कोरलेले असतात. चंद्र-सूर्य असेतोवर कीर्ती टिकावी, हा त्यामागील संकेत होय. मात्र पुष्कळ वीरगळांवर वीराचे नाव नसते. तेथे कृत्य उरते, नाव लोपते. कॅसिनो येथे नाव उरते, कृत्य लोपते.

आणखी एक गुंतागुंत लक्षात घेतली पाहिजे. हे सैनिक परकीय सत्तेच्या सैन्यातून लढले. त्यामुळे स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासकथनात त्यांना सहज स्थान मिळाले नाही. त्यांच्या शौर्याचा गौरव करणे म्हणजे साम्राज्याचा गौरव करणे नव्हे, हा विवेक वाचकाने बाळगावा. त्याचबरोबर, शौर्याच्या वर्णनात माणूस हरवू नये, याचेही भान ठेवावे.

आपल्या परिसरातील एखादा वीरगळ, नामफलक किंवा पुतळा पाहा. त्याने काय जपले, काय वगळले आणि ते कोणासाठी, हे तीन प्रश्न विचारून आपले निरीक्षण लिहा.