ठोक्यांचा सूर : शर्यतीच्या गाड्यांचा आवाज कसा घडतो

नाशिककरांना ढोल नवा नाही. मिरवणुकीत ढोलाचा संथ ठोका पडत असतो तेव्हा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो, मनात आणले तर मोजताही येतो. ताशावाला तर्री धरतो तेव्हा मोजणे सुटते. ठोके एकमेकांत मिसळू लागतात. समजा, ताशाच्या काड्या याहूनही पाच-दहा पट वेगाने फिरवता आल्या, तर ठोके नाहीसे होऊन एक सलग सूर ऐकू येईल. माणसाच्या कानाची ही रीतच आहे. सेकंदाला साधारण वीस ठोक्यांपर्यंत त्याला ठोके कळतात, त्यापुढे तो त्यांचा सूर करून टाकतो. शर्यतीच्या गाडीचा आवाज समजून घ्यायचा तर सुरुवात इथून करावी लागते.

मी इंजिनिअर नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचे, नोकरी हिशेबाची. इंजिनांचा नाद मात्र शब्दशः लागलेला. गेली अनेक वर्षे इंजिने ऐकायची, ध्वनिमुद्रण करायचे, संगणकावर त्यातली कंपने मोजायची आणि मग पुस्तके उघडून कारण शोधायचे, असा उद्योग चालू आहे. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

शेतातल्या इंजिनापासून

निफाड-दिंडोरीच्या शेतांत एकेकाळी विहिरीवर चालणारे संथ गतीचे डिझेल इंजिन अनेकांनी ऐकले असेल. एकच सिलिंडर, मिनिटाला साधारण ६५० फेरे. चार टप्प्यांच्या, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनात हवा आत घेणे, दाबणे, इंधन जाळणे आणि धूर बाहेर टाकणे या चार कामांना दोन फेरे लागतात. म्हणून दर दोन फेऱ्यांना एक स्फोट. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे साडेपाच ठोके होतात. त्या इंजिनाचा 'पुक्, पुक्' असा सुटा आवाज येत असे तो यामुळे. जागेवर उभ्या बुलेटचे फेरे मिनिटाला हजाराच्या आसपास धरले, तर सेकंदाला आठ ठोके पडतात. 'धग-धग' अजूनही मोजण्याच्या टप्प्यात आहे.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी. आपल्याला ऐकू येतो तो मुख्यतः सिलिंडरातला स्फोट नसतो. स्फोट होतो तेव्हा सिलिंडर बंद असतो. पिस्टन खाली ढकलून झाल्यावर धुराचा व्हॉल्व्ह उघडतो आणि आत अजून दाबाखाली असलेला गरम वायू एकदम नळीत घुसतो. आपण ऐकतो तो ठोका हाच. म्हणजे जी शक्ती चाकापर्यंत पोहोचू शकली नाही, तिचा काही भाग आवाज होऊन बाहेर पडतो. आवाज हा इंजिनाच्या जमाखर्चातला खर्चाच्या बाजूचा आकडा आहे. पुढचे सगळे विवेचन या एका वाक्याभोवती फिरणार आहे.

आता हाच हिशेब फॉर्म्युला वनला लावू. मिनिटाचे फेरे भागिले साठ, गुणिले सिलिंडरांच्या निम्मी संख्या, एवढेच सूत्र. ३० ऑक्टोबर २०११ रोजी, त्या वर्षीची दिवाळी नुकतीच सरली असताना, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. त्या गाड्यांना २.४ लिटरचे, आठ सिलिंडरांचे व्ही-आठ इंजिन होते आणि फेऱ्यांची मर्यादा १८,००० होती. म्हणजे सेकंदाला ३०० फेरे, १,२०० ठोके. हार्मोनियमच्या उजव्या टोकाच्या आसपासचा हा सूर. त्याआधीच्या पिढीतली तीन लिटरची व्ही-दहा इंजिने १९,००० फेऱ्यांपर्यंत जात. तिथे सेकंदाला जवळजवळ १,६०० ठोके होतात. 'किंचाळणे' हा शब्द लोक या गाड्यांना सहज लावत, त्यामागे हे साधे गणित होते.

ठोक्यांमधले अंतर

पण निव्वळ संख्येने आवाजाचा स्वभाव ठरत नाही. तबला आणि ढोल एकाच लयीत वाजले तरी वेगळे ओळखू येतात. इंजिनातही ठोके सारख्या अंतराने पडतात की विषम, यावर बरेच अवलंबून असते.

हार्ले-डेव्हिडसनच्या मोटारसायकलीत दोन सिलिंडर ४५ अंशांच्या कोनात असतात आणि दोन्ही पिस्टन एकाच क्रँकपिनला जोडलेले असतात. त्यामुळे एक ठोका ३१५ अंशांनी पडतो आणि दुसरा ४०५ अंशांनी. ही लंगडी लय म्हणजेच हार्लेची ओळख.

शर्यतीच्या मोटारींत हाच फरक व्ही-आठ इंजिनांच्या दोन घराण्यांत दिसतो. अमेरिकी नॅसकार गाड्यांच्या क्रँकशाफ्टवरचे पिन समोरून पाहिल्यास अधिकच्या चिन्हासारखे, ९० अंशांवर असतात. एकूण ठोके सारख्या अंतराने पडतात, पण डावी बाजू आणि उजवी बाजू वेगळी ऐकली तर प्रत्येक बाजूच्या चार ठोक्यांत ९०, १८०, २७०, १८० अशी विषम अंतरे निघतात. दोन्ही बाजूंच्या नळ्या वेगळ्या असल्याने ही विषमता कानावर येते. मूळ सुराच्या खाली खर्जातले उपस्वर उमटतात आणि आवाज घुमतो, गुरगुरतो. फेरारीच्या व्ही-आठमध्ये क्रँकशाफ्ट सपाट असतो, पिन १८० अंशांवर. प्रत्येक बाजूचे ठोके एकसारख्या अंतराने पडतात, खर्ज निघून जातो आणि उरतो स्वच्छ, चढा सूर. सिलिंडर दोन्हीकडे आठच. फरक केवळ एका लोखंडी दांड्याच्या आकाराचा.

नळी हेही वाद्य

ठोका नळीत शिरला की दाबाची एक लाट होऊन धावते. नळीचे तोंड जिथे मोकळे होते तिथून ती उलटी होऊन, म्हणजे ओढ घेऊन परत येते. नळीची लांबी नेमकी ठेवली तर ही ओढ व्हॉल्व्ह उघडा असतानाच परत पोहोचते, उरलेला धूर खेचून काढते आणि ताज्या हवेला आत यायला मदत करते. शर्यतीच्या इंजिनातल्या सगळ्या नळ्या सारख्या लांबीच्या करण्यासाठी त्यांना सापासारखी वळणे दिलेली दिसतात, ती शोभेसाठी नसतात. खर्ची पडलेल्या आवाजातला काही भाग वसूल करण्याचा तो मार्ग आहे.

या वसुलीची कमाल टू-स्ट्रोक इंजिनात झाली. तिथे दर फेऱ्याला एक स्फोट होतो, व्हॉल्व्हऐवजी सिलिंडरला भोके असतात आणि ताजे इंधनही धुराबरोबर निसटते. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात पोट फुगलेल्या नळीचे तंत्र परिपक्व केले. रुंद होत जाणारा भाग ओढ पाठवतो आणि धूर खेचतो. पुढचा निमुळता भाग दाबाची लाट परत पाठवतो आणि निसटलेले इंधन पुन्हा सिलिंडरात ढकलतो. म्हणजे आवाजाची लाटच इथे झडपेचे काम करते. हे ज्ञान इतके मोलाचे होते की १९६१मध्ये एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पळून पश्चिमेकडे गेला, सुझुकीला मिळाला आणि १९६२मध्ये त्याने ५० सीसी गटाचे जगज्जेतेपद त्यांना मिळवून दिले.

महिंद्राचे तीन आवाज

महिंद्राचा वाहनांचा कारखाना नाशिकमध्ये, इंजिनांचा इगतपुरीत. त्यामुळे या कंपनीच्या शर्यतींकडे आमच्या जिल्ह्याचे लक्ष असणे स्वाभाविक आहे. शर्यतीची वाहने युरोपात घडली, तरी एकाच नावाखाली ऐकू आलेले तीन आवाज आपल्या विषयाचा सगळा इतिहास सांगतात.

२०११मध्ये महिंद्रा मोटारसायकलींच्या जागतिक मालिकेत १२५ सीसीच्या टू-स्ट्रोक गटात उतरली. त्या गटाचे ते शेवटचे वर्ष. पुढच्याच वर्षी त्याची जागा मोटो-३ने घेतली : एकच सिलिंडर, २५० सीसी, पण फोर-स्ट्रोक. १३,५०० फेऱ्यांचा हिशेब करून पाहा. टू-स्ट्रोकमध्ये सेकंदाला २२५ ठोके होतात, फोर-स्ट्रोकमध्ये ११२. फेरे तेच, सिलिंडर तेवढाच, सूर मात्र बरोबर एक सप्तक खाली. याच फोर-स्ट्रोक महिंद्रावर २०१६मध्ये फ्रान्सेस्को बान्याइया याने नेदरलँड्समधल्या अॅसनची शर्यत जिंकली.

तिसरा आवाज २०१४चा. विजेवरच्या फॉर्म्युला ई मालिकेचा पहिला मोसम बीजिंगमध्ये सुरू झाला तेव्हा महिंद्रा त्यात होती, आणि २०१७मध्ये बर्लिनला फेलिक्स रोझेनक्विस्टने तिला पहिला विजय मिळवून दिला. या गाडीत ठोका नाही. ऐकू येते ती गिअरच्या दातांची शीळ, मोटरची आणि तिला वीज पुरवणाऱ्या यंत्रणेची बारीक गुणगुण आणि टायरांचे घासणे. इंजिनाच्या आवाजाखाली दबलेले हे सगळे आवाज पूर्वीही होतेच. आता ते उघडे पडले.

शर्यत शांत का झाली

शांत होण्याची सुरुवात विजेने केली असे मात्र नाही. त्र्यंबक रस्त्यावरचा मायको सर्कल ज्या कारखान्यामुळे ओळखला जातो, तिथे डिझेल इंजिनांचे इंजेक्टर आणि नोझल बनत आले आहेत. जुन्या डिझेलची 'खडखड' इंधन एकदम पेटल्यामुळे व्हायची. कॉमन रेल पद्धतीत आधी इंधनाचा अगदी छोटा फवारा सोडतात, तो पेटला की मुख्य फवारा. त्यामुळे दाब सावकाश चढतो आणि खडखड कमी होते. २००६मध्ये ऑडीच्या बारा सिलिंडरांच्या डिझेल गाडीने ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकली. डिझेलचा तिथला तो पहिला विजय, आणि प्रेक्षकांच्या लक्षात राहिली ती तिची शांतता.

२०१४मध्ये फॉर्म्युला वनने १.६ लिटरचे व्ही-सहा टर्बो इंजिन आणले. फेऱ्यांची मर्यादा १५,००० होती, पण तासाला १०० किलोहून अधिक इंधन वापरण्यास मनाई असल्याने चालक १२,०००च्या आसपासच गिअर बदलत. १२,००० फेऱ्यांना सेकंदाला ६०० ठोके होतात : बुद्ध सर्किटवरच्या सुराच्या नेमके एक सप्तक खाली. शिवाय धुराच्या वाटेत टर्बाइन बसले. पूर्वी आवाज होऊन जाणारा दाब आता पाते फिरवू लागला, त्यातून वीजही बनू लागली. प्रेक्षक नाराज झाले. मर्सिडीजने कर्ण्याच्या आकाराची नळी लावून पाहिली, तीही मनासारखी ठरली नाही. वाया गेलेला दाबच उरला नव्हता तर कर्णा वाढवणार काय? पुढे मर्सिडीजच्याच इंजिनाने चाचणीत इंधनातल्या निम्म्याहून अधिक ऊर्जेचे काम करून दाखवले. भारतातली शर्यत २०१३नंतर झालीच नाही, म्हणून आपल्या भूमीवर ऐकला गेला तो फक्त व्ही-आठ.

आपल्या रस्त्यावर

हे सगळे लिहावेसे वाटले त्याचे कारण जवळचे आहे. गंगापूर रोडला राहणाऱ्यांना रात्री अकरानंतर 'पंजाब' किंवा 'इंदोरी' सायलेन्सरच्या बुलेटी कशा जातात ते सांगायला नको. राज्यातल्या अनेक शहरांत पोलीस असे सायलेन्सर जप्त करून त्यांच्यावर रोलर फिरवतात, तरी मागणी आटत नाही. त्या मुलांशी मी बोललो आहे. त्यांना उपद्रव द्यायचा असतो असे मला वाटत नाही. त्यांना शर्यतीच्या गाडीचा आवाज हवा असतो, आणि मोठा आवाज म्हणजे जास्त ताकद अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते.

गणित त्यांच्या बाजूने नाही. सायलेन्सरमधली जाळी काढल्याने सिलिंडर वाढत नाहीत, फेरे वाढत नाहीत, म्हणून सूरही चढत नाही. तोच ठोका नुसता मोठा होतो. कंपनीने नळी त्या इंजिनाच्या लाटांच्या बेताने केलेली असते. तो बेत मोडला की बहुधा मधल्या वेगात ओढ कमीच होते. चावी बंद-चालू करून काढलेल्या 'फटाक्या'चेही तेच. जागतिक रॅलीतल्या टर्बो गाड्या वळणावर तसा आवाज करतात, कारण चालकाने पाय उचलला तरी टर्बाइन फिरते राहावे म्हणून तिथे इंधन मुद्दाम नळीत जाळतात. तिथे त्या फटाक्याला काम असते. आपल्याकडे नुसते पेट्रोल जळते, आणि शेजारच्या घरातले तान्हे मूल दचकून उठते.

याउलट आवाजाचा खरा उपयोग ज्यांना कळतो ते शिंगाडा तलावाजवळच्या गॅरेजांत भेटतात. 'टॅपेट वाजतोय', 'एक सिलिंडर मिसिंग मारतोय' हे निदान तिथला जुना मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी करतो. ठोक्यांच्या रांगेत एक जागा रिकामी गेली की विषम लय तयार होते, आणि ती त्याला ऐकू येते. नॅसकार आणि फेरारी यांच्यातला फरक सांगणारे आणि बंद पडलेला सिलिंडर ओळखणारे ज्ञान एकच आहे.

विजेच्या गाड्यांबरोबर हे ज्ञान मागे पडेल. संथ वेगात त्या इतक्या शांत असतात की पादचाऱ्यांना कळावे म्हणून युरोपात २०१९पासून नव्या नमुन्यांना कृत्रिम आवाज सक्तीचा झाला. २०२४मध्ये महिंद्राने नव्या विद्युत मोटारी आणल्या, तेव्हा त्यांच्यातल्या आवाजांसाठी ए. आर. रहमान यांना बोलावले. आवाज यापुढे क्रँकशाफ्टच्या कोनातून आणि नळीच्या लांबीतून आपोआप घडणार नाही, तो कुणीतरी रचून देईल. तो कदाचित अधिक गोडही असेल. पण त्यावरून गाडीच्या पोटात काय चालले आहे ते कळणार नाही. ठोके अजून आपल्या रस्त्यांवर आहेत तोवर त्यांचा आवाज वाढवण्यापेक्षा ते ऐकायला शिकणे अधिक फायद्याचे आहे, आणि त्यासाठी सायलेन्सर काढावा लागत नाही.